मोजणारा वेगळा, दाखवणारा वेगळा

वाचकांचे प्रश्न : इलेक्ट्रॉनिक्स

या महिन्यात आलेल्या पत्रांचा गठ्ठा उघडला तेव्हा त्यातली निम्मी पत्रं एकाच वस्तूची निघाली: सात रेघांचा अंकी डिस्प्ले आणि त्यावर पळणारा आकडा. आयटीआयमध्ये मी चोवीस वर्षं इलेक्ट्रॉनिक मेकॅनिकच्या मुलांना शिकवलं. एलईडी लुकलुकवून झाली की पुढचं काम हेच असायचं. दरवर्षी मुलं त्याच दोन-तीन ठिकाणी अडकायची आणि ही पत्रंही तिथेच अडकलेली आहेत. म्हणून या वेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवून फक्त हेच घेते.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत क्रीडाशिक्षक आहे. आमच्या कबड्डीच्या मैदानासाठी आठवी-नववीच्या मुलांनी आर्डुइनो उनोवर (प्रोग्राम भरता येणाऱ्या छोट्या बोर्डावर) घड्याळ तयार केलं आहे. चार अंकी डिस्प्लेवर डावीकडे सत्राची उरलेली मिनिटं दिसतात आणि उजवीकडे चढाईचे ३० सेकंद उलटे मोजले जातात. पण अंक थरथरतात. पंचांच्या बटणावर बोट दाबून धरलं की एकच अंक झगझगीत पेटतो आणि बाकीचे तीन विझतात. आणि मोबाइलशी लावून पाहिलं तर २० मिनिटांचं सत्र आमच्या घड्याळावर दहा-बारा सेकंद उशिरा संपतं. मुलांच्या वहीतला प्रोग्राम आणि जोडणीचं चित्र सोबत पाठवतो. — क्रीडाशिक्षक, गारगोटी

उत्तर : सर, मुलांचा प्रोग्राम मी कागदावर उतरवून पेन्सिल घेऊन ओळीओळीने वाचला. त्यांनी काय केलंय ते आधी सांगते, कारण विचार चांगला आहे. एक अंक पेटवायचा, ५ मिलिसेकंद थांबायचं, तो विझवून पुढचा पेटवायचा. चारही अंकांची एक फेरी २० मिलिसेकंदांची. अशा ५० फेऱ्या झाल्या की १००० मिलिसेकंद, म्हणजे एक सेकंद झाला, आकडा एकने कमी करायचा. वहीच्या समासात हा गुणाकार नीट करून खाली दोन रेघा मारल्या आहेत. ज्या मुलाने वा मुलीने तो केला, त्याला माझ्याकडून शाबासकी द्या. गणित बरोबर आहे. चूक अशी, की डिस्प्ले पेटवणं आणि वेळ मोजणं ही दोन कामं एकाच्याच गळ्यात बांधली आहेत.

थरथर आधी. या डिस्प्लेला बाराच पाय असतात. आठ पाय रेघांचे आणि टिंबाचे, चारही अंकांना सामाईक. उरलेले चार एकेका अंकाचे. त्यामुळे कोणत्याही क्षणी खरं तर एकच अंक पेटलेला असतो. तो इतक्या भरभर बदलतो की डोळ्याला चारही सलग पेटलेले वाटतात. २० मिलिसेकंदांची फेरी म्हणजे सेकंदाला ५० वेळा, आणि हे कमी पडतं. मैदानावर मान वळवताना डोळा ते बरोबर पकडतो. ५ च्या जागी २ मिलिसेकंद करा. फेरी ८ मिलिसेकंदांची होईल, सेकंदाला १२५. थरथर जाईल.

पण मुलांच्या प्रोग्राममध्ये नुसते ५ चे २ केले तर घड्याळ अडीच पट वेगाने धावेल, कारण त्यांचा सेकंद त्या थांबण्यातूनच तयार होतो. आणि त्या दहा-बारा सेकंदांचं उत्तरही इथेच आहे. एक अंक बदलताना प्रोग्राम साधारण बारा वेळा ‘डिजिटलराइट’, म्हणजे एखादा पाय चालू किंवा बंद, करतो: आठ रेघा, चार अंक. उनोवर एकेका डिजिटलराइटला चार-पाच मायक्रोसेकंद लागतात. म्हणजे दर अंकामागे जवळपास ५० मायक्रोसेकंद जादा. सेकंदात २०० वेळा अंक बदलतो, म्हणून सेकंदामागे १० मिलिसेकंद. २० मिनिटांचे १२०० सेकंद. १२ सेकंद उशीर. तुम्ही लिहिलेला आकडा आणि हा आकडा जुळला तेव्हा मला फार बरं वाटलं. मुलांना हा हिशेब फळ्यावर करायला लावा. चूक शोधल्याचा आनंद काय असतो ते त्यांना कळेल.

उपाय असा. उनोच्या आत एक घड्याळ आपोआप चालू असतं. ‘मिलिस’ विचारलं की सुरू झाल्यापासून किती मिलिसेकंद झाले ते सांगतं. एका जागी ‘पुढचा सेकंद केव्हा’ हा आकडा लिहून ठेवायचा. प्रोग्राम अंकांची फेरी मारत राहील आणि दर फेरीत एकदाच बघेल, ती वेळ आली का? आली असेल तर सेकंद एकने कमी करायचा आणि त्या लिहून ठेवलेल्या आकड्यात १००० मिळवायचे. ‘आत्ताची वेळ अधिक १०००’ असं लिहू नका. तसं केलं तर बघायला झालेला उशीर दर सेकंदाला पुढे ढकलला जातो आणि साचत जातो. जुन्या नियोजित वेळेतच १००० मिळवले तर एखादा सेकंद दोन-चार मिलिसेकंद उशिरा दिसेल, पण पुढचा परत जागेवर येईल.

बटणाचा दोष प्रोग्रामच्या एका ओळीत आहे: ‘बटण सोडेपर्यंत इथेच थांब’. तो थांबला की अंकांची फेरीही थांबते. त्या क्षणी जो अंक पेटलेला असेल तोच पेटलेला राहतो. एरवी त्याला चौथा हिस्सा वेळ मिळतो, आता सगळा मिळतो, म्हणून तो झगझगतो. कुठेच थांबायचं नाही. दर फेरीत बटणाची स्थिती बघायची, मागच्या वेळी काय होती ते लक्षात ठेवायचं आणि ‘मघाशी सुटं होतं, आता दाबलंय’ एवढ्यावरच काम करायचं. बटणाची पत्री दाबताना काही मिलिसेकंद उडत असते, म्हणून एकदा नोंद घेतली की पुढचे २० मिलिसेकंद त्याच्याकडे बघायचं नाही.

जोडणीत आणखी एक गोष्ट दिसली, तुम्ही विचारली नव्हती. अंकांचे चार पाय थेट उनोला जोडले आहेत. दर रेघेला ३३० ओहमचा रेझिस्टन्स आहे, म्हणजे रेघेमागे साधारण ९ मिलिअँपिअर. ८ आकडा दाखवताना सातही रेघांचा करंट त्या एका पायातून जातो, ६३ मिलिअँपिअर. उनोच्या पायाची टोकाची मर्यादा ४० आहे. तुमचा ८ बहुधा १ पेक्षा फिका दिसत असेल. चार बीसी ५४७ ट्रान्झिस्टर लावा, बेसला एकेक किलोओहम. खर्च दहा-वीस रुपयांचा आहे आणि बोर्ड वाचेल. एका अंकाची सावली शेजारच्या अंकावर पडत असेल तर क्रम पाळा: आधी चारही अंक बंद, मग रेघा बदला, मग पुढचा अंक चालू.

हे सगळं झाल्यावर पुन्हा मोबाइलशी लावा. उनोवरच्या मुख्य चिपला ठोके द्यायला क्वार्ट्झचा क्रिस्टल नसून सिरॅमिक रेझोनेटर असतो. त्यात अर्ध्या टक्क्यापर्यंत फरक असू शकतो, म्हणजे २० मिनिटांत जास्तीत जास्त ६ सेकंद. तीन-चार वेळा मोजा. दर वेळी सारखेच दोन सेकंद उशीर होत असेल तर १००० च्या जागी ९९८ लिहा. चढाईच्या ३० सेकंदांत हा फरक जाणवणार नाही, पण शेवटच्या मिनिटाला एका गुणावर सामना अडलेला असताना पंचांच्या घड्याळावर कुणी बोट दाखवू नये.

प्रश्न : मॅडम, मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ८०५१ या कंट्रोलर चिपवर शून्य ते नऊ मोजणारा काउंटर केला आहे. संगणकावरच्या सिम्युलेशनमध्ये छान चालतो, पण ब्रेडबोर्डवर शून्याच्या जागी नुसती मधली आडवी रेघ आणि टिंब दिसतं, एकच्या जागी इंग्रजी ‘ई’ अक्षर येतं, आठच्या जागी फक्त टिंब. तीन वेळा वायरी काढून लावल्या. शिवाय माझा एक सेकंद खऱ्या सेकंदापेक्षा मोठा आहे. टायमरमध्ये १५५३६ भरते आणि वीस वेळा मोजते. परीक्षेला हाच प्रोजेक्ट आहे. — विद्यार्थिनी, लातूर

उत्तर : वायरी आता काढू नकोस, त्या बरोबर आहेत. तू जे तीन आकडे नीट बघून लिहिलेस, त्यावरूनच दोष कळला.

रेघांना (ए वरची, तिथून घड्याळाच्या दिशेने एफपर्यंत, जी मधली) क्रमाने किंमती दे: ए १, बी २, सी ४, डी ८, ई १६, एफ ३२, जी ६४, टिंब १२८. दोन हा आकडा काढायला ए, बी, डी, ई, जी लागतात; १ + २ + ८ + १६ + ६४ = ९१. अशी शून्य ते नऊची यादी येते: ६३, ६, ९१, ७९, १०२, १०९, १२५, ७, १२७, १११. तुझ्या प्रोग्रामात हीच यादी असणार. ही कॉमन कॅथोड डिस्प्लेची आहे, जिथे एक दिला की रेघ पेटते. दुकानदाराने तुला कॉमन अॅनोड दिलाय. तिथे शून्य दिलं की पेटते. म्हणून जे पेटायला हवं ते विझतं आणि विझलेलं पेटतं. शून्यात फक्त मधली रेघ आणि टिंब विझलेलं असतं, तुला नेमकं तेवढंच दिसतंय. आठमध्ये सगळ्या रेघा पेटलेल्या, म्हणून तुझ्याकडे टिंब उरलं. एकमध्ये उजव्या बाजूच्या दोन रेघा सोडून बाकी सगळं पेटलं की ‘ई’ होतो.

यादीतला प्रत्येक आकडा २५५ मधून वजा कर. १९२, २४९, १६४, १७६, १५३, १४६, १३०, २४८, १२८, १४४. चालू होईल.

डिस्प्ले बदलून आणू नकोस. ८०५१ ला कॉमन अॅनोडच बरा. त्याचे पाय करंट बाहेर द्यायला अगदी दुबळे असतात, एलईडी नीट पेटत नाही; पण करंट आत घ्यायला, जमिनीकडे ओढायला बरे असतात. रेझिस्टन्स मात्र प्रत्येक रेघेला वेगळा लाव. सामाईक पायात एकच लावून काम भागवलं तर १ उजळ आणि ८ मिणमिणता दिसतो.

आता तुझा लांबलेला सेकंद. बोर्डवरच्या क्रिस्टलच्या डबीवर काय छापलंय ते वाच. मला वाटतं ११.०५९२ असणार, शिकवण्याच्या बहुतेक किटवर तोच असतो, कारण सिरियल पोर्टचे वेग त्याच्याने अचूक येतात. १५५३६ हा आकडा १२ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलचा आहे. तिथे बारा ठोक्यांचं एक पाऊल म्हणजे बरोबर एक मायक्रोसेकंद. टायमर ६५५३६ ला ओसंडतो; ६५५३६ वजा १५५३६ म्हणजे ५०,००० पावलं, ५० मिलिसेकंद, वीस वेळा केलं की सेकंद. तुझ्याकडे सेकंदाला दहा लाख पावलं पडतच नाहीत, ९,२१,६०० पडतात. त्यामुळे तुझ्या मिनिटाला सुमारे ६५ सेकंद लागतात. घड्याळ लावून बघ. १५५३६ च्या जागी १९४५६ भर, दोष जाईल.

आणि याहून सुंदर रस्ता आहे, परीक्षकांना तोच दाखव. टायमर आठ बिटांच्या, स्वतः भरून घेणाऱ्या मोडमध्ये लाव आणि भरायचा आकडा शून्य ठेव. तो दर २५६ पावलांनी एकदा ओसंडतो. ९,२१,६०० ला २५६ ने भाग दे. ३६०० येतात, बाकी शून्य. म्हणजे ३६०० वेळा ओसंडला की एक सेकंद, आणि पुन्हा भरण्यात जाणारे चार-दोन मायक्रोसेकंदही वाचतात. पुढे चार अंकी डिस्प्ले लावशील तेव्हा त्याच टायमरवर दर आठव्या वेळी एक अंक बदल. फेरी सेकंदाला ११२ वेळा होते, थरथर नाही. ३६०० मोजणारा आकडा आणि आठ मोजणारा आकडा मात्र दोन वेगळ्या जागी ठेव.

तुमच्या वर्गात कुणी म्हणेल, ८०५१ हा १९८० सालचा चिप, आता कशाला शिकायचा? मला तो अजूनही शिकवण्यासाठी आवडतो. टायमरच्या आत काय चाललंय ते त्यात स्वतःच्या हाताने भरावं लागतं.

प्रश्न : ताई, आमचे आठ साधे यंत्रमाग आहेत. जुने यांत्रिक पीक-मीटर (कापडात आडवा धागा एकदा टाकला की एक पीक) झिजले, म्हणून पुतण्याने एका मागाला उनो, चुंबक आणि रीड स्विच लावून काउंटर केला. पण तो जुन्या मीटरपेक्षा जास्त पिकं दाखवतो. सकाळी आठला शून्यावरून सुरू केला की साडेअकरानंतर डिस्प्लेवर भलतीच चिन्हं येतात. शेजारच्या मागाची मोटर सुरू झाली की आकडा उडी मारतो. लाइट गेली की सगळं शून्य. पुतण्या म्हणतो, प्रत्येक पिकाला आकडा आतल्या मेमरीत लिहू. चालेल का? — यंत्रमागधारक, इचलकरंजी

उत्तर : दादा, मी इचलकरंजीचीच. माझे वडील जॉबर होते, माग दुरुस्त करणारे. एकदा एका कामगाराची एका पाळीची पिकं मीटरवर कमी भरली. तो सांगत होता माग बंद नव्हता, कुणी ऐकेना. वडिलांनी मीटर खोलून दहाच्या चाकाचा तुटलेला दात सगळ्यांसमोर तळहातावर ठेवला. मी तेव्हा सहावीत होते. त्या आकड्यावर माणसाची मजुरी ठरते, म्हणून तुमच्या पत्राला सगळ्यात जास्त वेळ दिला.

चिन्हांचं आधी सांगते, कारण वेळ तुम्ही बरोबर टिपली आहे. पुतण्याने मोजणी साध्या ‘इंट’मध्ये ठेवली असणार. उनोवर त्यात ३२,७६७ पर्यंतच आकडा मावतो, पुढच्या पिकाला तो उलटून उणे होतो. मिनिटाला १५० पिकं धरली तर ३२,७६७ व्हायला ३ तास ३८ मिनिटं लागतात. आठ अधिक तीन-अडतीस, अकरा अडतीस. उणे आकड्याचे अंक काढायला गेल्यावर प्रोग्राम यादीच्या बाहेरच्या मेमरीत हात घालतो आणि तिथलं काहीतरी दाखवतो. ‘अनसाइन्ड लाँग’ वापरा, ४२९ कोटींपर्यंत चिंता नाही.

जादा पिकं रीड स्विचमुळे. त्यातल्या पातळ पात्या चुंबक जवळ आला की एकदा चिकटून दोन-तीनदा उडतात, आणि मागाचा हादरा त्यात भर घालतो. १५० पिकांच्या वेगाला दोन पिकांत ४०० मिलिसेकंद असतात, म्हणून एक पीक धरलं की पुढचे १०० मिलिसेकंद काहीही आलं तरी मोजायचं नाही. पण माझं मत विचाराल तर मागावर रीड स्विच नकोच. चुंबक ओळखणारा हॉल सेन्सर लावा. त्यात हलणारं काही नाही, कापसाची धूळ बसली तरी फरक पडत नाही. चुंबक क्रँक शाफ्टवर बसवा. त्याची एक फेरी म्हणजे एक पीक. खालच्या शाफ्टवर बसवलात तर दोन पिकांना एक मोजेल.

मोटर सुरू होताना येणारी उडी म्हणजे सेन्सरच्या लांब वायरने पकडलेला झटका. उनोच्या आतल्या पुल-अपवर (वायरला ५ व्होल्टकडे ओढून धरणाऱ्या रेझिस्टन्सवर) विसंबू नका, तो फार हलका असतो. बाहेरून ४.७ किलोओहमचा लावा. सेन्सरची वायर पीळ दिलेली आणि मोटरच्या केबलपासून लांब न्या. उनोच्या जवळ ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर द्या, आणि मध्ये पीसी ८१७ ऑप्टोकप्लर (वायरने न जोडता उजेडाने खूण पोचवणारा चिप) टाकलात तर सेन्सरच्या वायरवरून येणारा झटका उजेडाच्या पलीकडेच राहतो. सेन्सरला मग वेगळा छोटा सप्लाय द्या, एकच असेल तर ऑप्टोचा उपयोग नाही.

मोजणी इंटरप्टवर घ्या. आता पुतण्याचा प्रोग्राम डिस्प्ले फिरवता फिरवता मधूनच सेन्सरकडे बघतो. त्याची नजर दुसरीकडे असताना पीक गेलं तर गेलंच. इंटरप्टमध्ये हातातलं काम सोडून आधी पीक मोजलं जातं. फक्त दाखवण्यासाठी तो आकडा उचलताना क्षणभर इंटरप्ट बंद करायला सांगा. हा प्रोसेसर आठ बिटांचा आहे, मोठा आकडा चार तुकड्यांत उचलतो, आणि दोन तुकड्यांच्या मध्ये पीक आलं तर अर्धा जुना अर्धा नवा असा आकडा हाती येतो.

आता मेमरी. प्रत्येक पिकाला लिहू नका. त्या आतल्या मेमरीची, ईईप्रॉमची, एकेक जागा एक लाख वेळा लिहिण्याइतकी हमीची असते. मिनिटाला १५० प्रमाणे एक लाख पिकं अकरा तासांत होतात. एका दिवसात ती जागा हमीबाहेर जाईल, आणि पुढे कधीतरी चुकीचा आकडा देईल, तोही न कळत. लाइट जातानाच एकदा लिहायचं. १२ व्होल्टच्या सप्लायनंतर एक डायोड आणि त्याच्या पुढे १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. डायोडच्या अलीकडचा व्होल्टेज दोन रेझिस्टन्सने विभागून उनोच्या एका पायावर बघत राहा. तो पडला की आधी डिस्प्ले विझवा आणि मग लिहा. कपॅसिटर त्या मधल्या काळात उनोला सांभाळतो: उनोने ५० मिलिअँपिअर घेतले तरी १२ वरून ७ व्होल्टला उतरायला १०० मिलिसेकंद लागतात, आणि चार बाइट लिहायला १४ पुरतात.

एक विनंती. पहिले पंधरा दिवस जुनं मीटर काढू नका. दोन्ही आकडे रोज पाळी संपताना कामगाराच्या समोर वहीत लिहा.

प्रश्न : आर्डुइनोवर भिंतीचं डिजिटल घड्याळ केलं. चार दिवसांत वीसेक मिनिटं पुढे गेलं. — डोंबिवली

उत्तर : वरच्या पहिल्या उत्तरातला रेझोनेटर. अर्धा टक्का म्हणजे दिवसाला सात मिनिटांपर्यंत. प्रोग्राम सुधारून हे कायमचं जाणार नाही, तापमानाने पुन्हा बदलेल. डीएस ३२३१ चं मॉड्यूल लावा. ते वर्षाला साधारण एका मिनिटाच्या आत राहतं. वेळ त्याने मोजायची, उनोने फक्त विचारून दाखवायची.

प्रश्न : आभार! मुलांनी सगळं दुरुस्त केलं, थरथर गेली, सत्र मोबाइलशी जुळलं. आता अडचण एवढीच की आकडा फक्त गुणलेखकाला दिसतो. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला उभ्या प्रेक्षकांना दिसेल असा मोठा डिस्प्ले मुलांना घरीच बांधता येईल का? — तेच क्रीडाशिक्षक, गारगोटी

उत्तर : येईल, आणि तुमच्या मुलांना नक्की येईल. १२ व्होल्टची लाल एलईडी पट्टी घ्या, मीटरला ६० एलईडी आणि ४.८ वॉट वाली. ती दर ५ सेंटिमीटरला कापता येते. तीन तुकडे सलग ठेवले की १५ सेंटिमीटरची एक रेघ, म्हणजे फूटभराहून उंच अंक. प्लायवूडला मॅट काळा रंग द्या, विझलेल्या रेघा दिसता कामा नयेत.

इथे अंकांची फेरी नको. फेरीत प्रत्येक अंकाला चौथाच हिस्सा उजेड मिळतो, एवढ्या अंतरावर तो पुरत नाही. प्रत्येक अंकाला एक ७४एचसी५९५ आणि एक यूएलएन २००३ लावा. पहिला चिप आकडा धरून ठेवतो, दुसरा चिप पट्टीचा करंट ओढतो. त्याला सात वाटा असतात आणि अंकालाही सातच रेघा. चार जोड्या एकापुढे एक लावल्या तरी उनोचे तीनच पाय लागतात. एका रेघेला ६० मिलिअँपिअर, एका अंकाला ४२०, चारही ठिकाणी ८ असला तर पावणेदोन अँपिअर. १२ व्होल्ट ३ अँपिअरचा अडॅप्टर घ्या. अडॅप्टरची उणे बाजू आणि उनोची ग्राउंड एकत्र जोडायला विसरू नका. वर्गात दरवर्षी निम्मे गट हे विसरायचे आणि तासभर चिप बदलत बसायचे.

संध्याकाळच्या सामन्यांना हा उजेड भरपूर होईल. दुपारच्या उन्हात दिसणार नाही, तेव्हा बोर्ड सावलीत, सूर्याकडे पाठ करून ठेवा. आणि सर, मोजणाऱ्या प्रोग्रामाला हात लावू नका. दाखवण्याच्या दहा-बारा ओळीच बदलायच्या.

प्रश्न : मी जिल्हा परिषद शाळेत पहिलीला शिकवते. वर्गात टाळी वाजली की आकडा एकने पुढे जाईल असा बोर्ड करायचा आहे, पण मुलं १, २, ३ मराठीत शिकतात आणि बाजारातले सगळे डिस्प्ले इंग्रजी अंकांचे. सात रेघांत मराठी अंक बसतात का? — शिक्षिका, अकोले

उत्तर : बाई, हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. पत्र आलं त्या रात्री चौकटींची वही घेऊन बसले ती साडेअकराला उठले.

सात रेघांत ०, २ आणि ३ चालून जातात, कारण ते इंग्रजी अंकांशी मिळतेजुळते आहेत. पण १ ची गाठ, ४ चा फुलोरा, ५, ६, ८, ९ यांची वळणं सरळ रेघांत बसत नाहीत. ओढूनताणून बसवली तर पहिलीचं मूल चुकीचं वळण शिकेल. आठ बाय आठ ठिपक्यांचं, मॅक्स ७२१९ चिप बसवलेलं मॉड्यूल घ्या. ठिपक्यांची फेरी तो चिप स्वतः मारतो, तीन वायरींनी फक्त आकृती पाठवायची. टाळीसाठी बाजारात मिळणारं माइकचं छोटं मॉड्यूल पुरतं. एक टाळी धरली की प्रोग्रामला पुढचे ३०० मिलिसेकंद बहिरं राहायला सांगा, नाहीतर वर्गातल्या घुमण्याने एक टाळी दोनदा मोजली जाईल.

आकृती मुलांकडूनच काढून घ्या. आठ बाय आठ चौकटी आखा आणि बालभारतीच्या पुस्तकातल्या वळणाप्रमाणे चौकटी रंगवू द्या, कारण ५ आणि ८ ची वळणं प्रांताप्रांतात वेगळी असतात. प्रत्येक ओळीत डावीकडून १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २, १ अशा किंमती धरा आणि रंगवलेल्या चौकटींची बेरीज करा. माझा ४ असा आला, वरून खाली: ६६, ६६, ३६, २४, ३६, ६६, ३६, २४. वर दोन हात उघडलेले, मध्ये एकत्र येतात, खाली पोकळ गाठ. ० सोपा: ०, ६०, ६६, ६६, ६६, ६६, ६०, ०.

९ मला अजून नीट जमलेला नाही, त्याची शेपटी आठ ओळींत तोकडी पडते. तुमच्या वर्गातल्या कुणाला जमला तर ती चौकट जशी आहे तशी, रंगीत खडूने रंगवलेली, मला पाठवा. पुढच्या अंकात तिच्या आठ बेरजा इथेच छापते.